आजीला तो फोटो आवडला नाही

पायवाट

धागा जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

२०१८च्या ऑक्टोबरात रतनगडावरून उतरताना पायथ्याच्या एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. ओटीवर एक आजी नागली पाखडत बसल्या होत्या. दुपारचे साडेचार-पाच झाले असतील. ऊन अंगणात, आजी सावलीत, आणि सारवलेल्या अंगणावरून परतलेला उजेड खालून त्यांच्या तोंडावर. कपाळावर गोंदण, सुपातून उडणारी फोलपटं. कॅमेऱ्याला ५० मिमीची लेन्स लावलेलीच होती. "आजी, एक फोटो काढू का?" म्हटलं. त्या म्हणाल्या, "काढ की. मला म्हातारीला काय करायचंय!" मी याला होकार समजलो.

घरी येऊन संगणकावर फोटो कृष्णधवल केला आणि बारीक रेघा ठळक करणारा क्लॅरिटीचा स्लायडर पार उजवीकडे ओढला. सुरकुती न् सुरकुती वर आली. एका स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. फोटोला नाव दिलं होतं 'सह्याद्री'. (हसू नका.)

२०२२मध्ये पुन्हा त्या बाजूला जायचं ठरलं तेव्हा बारा बाय अठराची प्रिंट काढली, काचेची फ्रेम केली, दोन टॉवेलांत गुंडाळून पाठपिशवीतून नेली. आजी घरीच होत्या. फ्रेम हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणीबिणी येणार. त्या म्हणाल्या, "ह्ये काय रं, मपलं लुगडं पार विटल्यालं दिसतंय ना!" आणि फ्रेम नातवाकडे दिली. नातू तेव्हा बारावीला होता, तो आणखी स्पष्ट बोलला. "दादा, आजीकडं चांगली चार लुगडी हायेत. आन् रंग कुठं गेला फोटोचा?"

आजी उठून आत गेल्या. वीसेक मिनिटं आम्ही दोघं गप्प. बाहेर आल्या त्या हिरवंगार लुगडं नेसून, केसांना तेल लावून, कानांत बुगड्या घालून. लाल प्लॅस्टिकची खुर्ची अंगणात मधोमध, भर उन्हात ठेवायला लावली. तीत बसल्या, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर थेट माझ्याकडे. हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "पाय येऊ दे."

फोटो म्हणून सांगायचं तर सुमार. डोळ्यांखाली काळ्या सावल्या, मागे पाण्याची निळी टाकी, डिश अँटेना. तो रंगीत छापून आठ दिवसांत पाठवून दिला. नातवाने व्हॉट्सॲपवर भिंतीचा फोटो धाडला: आजी देवांच्या तसबिरींच्या ओळीत लागल्या होत्या. माझी बक्षीसवाली फ्रेम कुठे आहे ते विचारायचं धाडस झालं नाही.

आता प्रश्न. पुढच्या महिन्यात आमच्या गटाचं प्रदर्शन आहे, प्रत्येकाचे पाच फोटो. सगळे म्हणतात 'सह्याद्री' लावच. माझं मन घेत नाही. तुम्ही काय केलं असतं?

निवांत

'सह्याद्री' बघितलाय, जबरी फोटो आहे. आजींनी "काढ की" म्हटलं होतं ना? मग विषय संपला. फोटो त्यांना आवडला नाही हे वेगळं. लग्नाचा अल्बमही कुठे सगळ्यांना आवडतो? बिनधास्त लावा. पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा).

बांधावरचा

निवांतराव, विषय संपला नाही, आत्ता कुठे सुरू झालाय.

माझं गाव माण तालुक्यात, चुलत्यांकडे मेंढरं आहेत. दरवर्षी कुणी ना कुणी शहरातून कॅमेरे घेऊन येतं. मागं एक ग्रुप आला होता मे महिन्यात. चुलत्यांना म्हणाले, काका घोंगडी घ्या खांद्यावर. चुलते म्हणाले, "मे महिन्यात? मला काय हिव भरलंय?" तरी घेतली बिचाऱ्यांनी, पाहुण्यांचं मन कशाला मोडा. मग म्हणाले घड्याळ काढा. मग खिशातला मोबाईल काढा, चौकोन दिसतोय. चुलत्यांनी त्याच महिन्यात नवी कवळी बसवून घेतली होती, ती दाखवायला ते मनापासून हसले. तर कॅमेरावाला म्हणतो, "काका, हसू नका, जरा सिरियस."

म्हणजे घोंगडी पाहिजे, माणूस नको. आमच्या दारातली खुर्ची, टाकी, ट्रॅक्टर, सगळं तुमच्या फ्रेमच्या बाहेर सरकवायचं, आणि उरलेल्याला अस्सल गाव म्हणायचं. ती लाल खुर्ची आम्ही पैसे मोजून आणलेली असते हो. पाहुणा आला की आधी तीच पुढे करतो.

पायवाट, तुमच्यावर राग नाही. तुम्ही फ्रेम घेऊन परत गेलात. आमच्याकडे आलेल्यांपैकी एकानेही फोटो पाठवलेला नाही.

तालुक्याचा फोटोवाला

एरवी नुसता वाचतो, आज राहवलं नाही. तालुक्याच्या गावाला सत्तावीस वर्षं स्टुडिओ आहे माझा.

आजी म्हणाल्या "पाय येऊ दे", ते आम्ही रोज ऐकतो. आमच्या जुन्या गिऱ्हाइकाला फोटो लागतो तो अख्खा. पाय कापलेले चालत नाहीत, दोन्ही कान दिसले पाहिजेत, तोंडावर सावली नको. मी नवा होतो तेव्हा एकाच बाजूने लाईट टाकून एका पाटलांचा फोटो काढला होता. मला वाटलं काय भारी काम झालंय. ते म्हणाले, "अर्धं तोंड काळं आलंय. अर्धेच पैसे देतो." आणि खरंच अर्धेच दिले.

आता तुम्हाला माहीत नसेल ती गोष्ट. माझ्याकडे महिन्यातून चार-पाच वेळा तरी घरात मयत झालेली माणसं येतात. हार घालायला फोटो पाहिजे असतो, तोही दहाव्याच्या आत. आणतात काय? आधार कार्ड. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यात मागच्या रांगेत म्हातारी, तोंड मसुरीच्या डाळीएवढं. ऐंशी वर्षं जगलेल्या माणसाचा सगळ्या जगात एक धड फोटो नसतो. मग आम्ही ते तोंड स्कॅन करायचं, मोठं करायचं, मानेखाली दुसरंच लुगडं नाहीतर कोट चिकटवायचा. हल्ली मोबाईलची ॲपं आली आहेत, ती धूसर चेहरा साफ करून देतात. मागच्या वर्षी एका म्हाताऱ्याला ॲपने दात बसवले. मुलगी बघून म्हणाली, हे आमचे दादा नाहीत.

म्हणून बोलतो. त्या आजी भर उन्हात का बसल्या हे मला कळलं. त्यांना तुमच्या कॅमेऱ्यातून ते काम उरकून घ्यायचं होतं. बायामाणसं हसत हसत सांगतात तसं, "हाराचा फोटो बरा यायला पाहिजे." तुमच्या लेखी सुमार असेल, पण माझ्याकडे आलेल्या कुठल्याही आधार कार्डापेक्षा तो लाखपट बरा. तुम्हा फिरणाऱ्या मंडळींना एकच विनंती. तुमचा सुरकुत्यांचा फोटो काढा, पण म्हाताऱ्या माणसाचा एक सरळ, रंगीत, समोरून फोटो काढून घरच्यांना देऊन जा.

निवांत

फोटोवाले काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. माझ्या आजोळच्या भिंतीवरच्या पणजीच्या फोटोत मान आणि धड जुळत नाही याचं कोडं आज सुटलं.

जुनी रद्दी

वाखु (वाचनखूण) साठवली. या भांडणाला जुना इतिहास आहे, थोडं अवांतर करतो.

१९३६ साली मंदीच्या काळात कॅलिफोर्नियात निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग हिने एका बाईचा फोटो काढला. तंबूत बसलेली, हात गालाशी, पोरं दोन्हीकडून मान फिरवून बिलगलेली. जगात सगळ्यात जास्त छापलेल्या फोटोंपैकी एक. लँगने तिचं नाव विचारलंच नव्हतं. १९७८मध्ये बाई सापडल्या: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. म्हणाल्या, तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. फोटो सरकारी कामासाठी काढलेला, त्यामुळे कुणीही फुकट छापावा. बांधावरच्यांच्या घड्याळ-मोबाईलवरून आठवलं: त्या फोटोच्या कोपऱ्यात तंबूची काठी धरलेला एक अंगठा दिसत होता, तो लँगने पुढे निगेटिव्हवरून पुसून घेतला. फ्रेममध्ये खटकत होता म्हणे.

दुसरी गोष्ट सगळ्यांना माहीत असलेली, हिरव्या डोळ्यांची अफगाण मुलगी. १९८४, पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीतली तंबूतली शाळा, फोटो काढणारा स्टीव्ह मॅकरी. जून १९८५च्या 'नॅशनल जिओग्राफिक'चं मुखपृष्ठ. ती मुलगी, शरबत गुला, सापडली २००२ साली. तोवर तिने स्वतःचा तो फोटो पाहिलेलाही नव्हता. सतरा वर्षं सगळं जग जिच्या डोळ्यांत बघत होतं तिला पत्ताच नाही.

आणि आपल्याकडे इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड काढले, हिंदुस्थानातल्या जातीजमातींच्या फोटोंचे. बहुतेक फोटोंखाली जमात लिहिलेली, माणसाचं नाव नाही. आज प्रदर्शनांत 'आदिवासी स्त्री', 'धनगर', 'वृद्धा' अशा पाट्या बघतो तेव्हा मला ते खंड आठवतात. पायवाट, एक विचारू? त्या आजींचं नाव काय?

पायवाट

नाव मला २०२२मध्ये कळलं, पार्सलवर लिहायला नातवाला विचारलं तेव्हा. चार वर्षं त्यांचा फोटो माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर होता. आणखी काय बोलू.

चूल आणि शटर

नावाचं निघालंच आहे तर. मी बाई असल्यामुळे मला घरात शिरता येतं, मागच्या पडवीपर्यंत. तिथे नाव विचारलं की पहिलं उत्तर येतं "अमक्याची आई". मी म्हणते, ते झालं, तुमचं नाव? मग एकदम हशा पिकतो, जावा एकमेकींकडे बघतात, आणि सासूबाई सांगतात तिचं नाव. वर "लग्नातलं सांगू का माहेरचं?" वहीत दोन्ही लिहून घेते. कितीदा तरी शेजारणीलाच तिचं माहेरचं नाव नव्याने कळतं.

दुसरं असं की "काढ की" हा होकार असतो का? माझ्या अनुभवात पहिला होकार पाहुण्याला दिलेला असतो, कॅमेऱ्याला नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला नाही म्हणायची रीत नाही. तरण्या सुना हो म्हणतात आणि पदर तोंडावर ओढतात. तो पदर म्हणजेच उत्तर. मी कॅमेरा पिशवीत ठेवते, भाकरी थापायला बसते. (माझ्या भाकरीला चिरा पडतात. ती बघायला आख्खी वाडी जमते. ओळख व्हायला याहून सोपा उपाय नाही.) तासाभराने कुणीतरी स्वतःच म्हणतं, "आमचा काढा ना." मग मी विचारते, कसा काढू? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. एकीला शिलाई मशीनसोबत पाहिजे होता. एकीला नुसत्या म्हशीसोबत, नवरा नको. नवरा तिथेच उभा होता.

आणि काढलेला फोटो लगेच पडद्यावर दाखवायचा. नको म्हणाल्या की त्यांच्यासमोर पुसून टाकायचा. हे मी एकदाच टाळलं होतं. फोटो फार सुंदर आला होता. ती वाडी मी अजून टाळते.

फिक्स लेन्स

भावनिक चर्चा चालू द्या, मी थोडं हाताचं सांगतो. हिरव्या लुगड्यातला फोटो सुमार झाला तो आजींमुळे नव्हे, दुपारच्या उन्हामुळे. खुर्ची उचलून दाराच्या आत नेली असती, उंबऱ्यापासून दोन पावलं, तोंड बाहेर, तर तोच फोटो, तीच बैठक, तेच पाय, आणि उजेड लोण्यासारखा. मागची खोली आपोआप काळी पडते, डोळ्यांत दाराची चौकट चमकते. कौलारू घरासारखा स्टुडिओ नाही.

कॅमेरा उभ्याने धरू नका. माणूस बसलेला असेल तर आपणही मातीत बसायचं. वरून काढलेल्या फोटोत म्हातारं माणूस उगाच केविलवाणं दिसतं. पांढरी टोपी आणि सावळा चेहरा एकत्र असतील तर एक्स्पोजर (फोटोत घेतलेला उजेड) पाऊण स्टॉप कमी ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) चेहरा नंतर उचलता येतो, टोपी एकदा जळाली की गेली. मोबाईलवाल्यांनी तोंडाजवळ जाऊ नये, नाकाचा बटाटा होतो. दोन पावलं मागे सरकून दोनपट झूम लावा.

आणि क्लॅरिटीचा स्लायडर हा मिठासारखा आहे. पायवाट यांनी बरणी उपडी केली.

रिमझिम

वारीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. दिवेघाटात वारकऱ्यांइतकेच कॅमेरे असतात, त्याचं काही नाही, गर्दीचा फोटो सगळ्यांचाच. नीरेच्या काठावर मात्र जे पाहिलं ते डोक्यातून जात नाही. पादुकांना स्नान असतं त्या दिवशी बायकाही नदीवर उतरतात. आंघोळी, ओली लुगडी पिळणं, सगळं उघड्यावर, कारण दुसरी सोयच नाही. आणि काठावर लांब लेन्सवाल्यांची रांग. एका मावशींनी हात जोडून म्हटलं, "माउली, आमची आंघोळ होऊ द्या, मग काढा." समोरचा फोटोवाला "कॅमेरा खाली घालतो" म्हणाला आणि तो पोटाशी धरून काढत राहिला. मावशींनी त्यालाही माउलीच म्हटलं होतं.

अक्कलकुव्याकडे काठी गावच्या राजवाडी होळीला गेले होते. मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे-घुंगरं बांधून बुध्या नाचतात; बुध्या म्हणजे होळीचं व्रत धरलेली माणसं. त्यांना "इकडे बघा, जरा वळा" म्हणून दंडाला धरून फिरवणारे लोक पाहिले. देवळात पुजाऱ्याच्या खांद्याला धरून फिरवाल का?

बांधावरचा

रिमझिमताई, +१.

पैशाचं काय करायचं ते सांगा कुणीतरी. भंडारदऱ्याला काजव्यांच्या दिवसांत पोरं आता फोटोला दहा-वीस रुपये मागतात. त्यांना हे कुणी शिकवलं?

चूल आणि शटर

आपणच. पोरांना पैसे आणि चॉकलेटं दोन्ही देत नाही मी, शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात. पण मोठ्या माणसाचे दोन तास घेतले, काम थांबवलं, तर त्या दिवसाची मजुरी द्यायला लाजू नये. मी तांदूळ, मध, नागली विकत घेते, भाव न करता. ते बरं पडतं दोघांनाही. आणि सगळ्यात मोठा मोबदला म्हणजे प्रिंट. नाव, वाडी, पोस्ट, तालुका, पिनकोड वहीत लिहा. वाडीत पोस्टमन रोज येत नाही, म्हणून दुकानदाराच्या किंवा शाळेच्या पत्त्यावर पाठवा.

फिक्स लेन्स

इन्स्टॅक्स मिनी हा लगेच फोटो छापून देणारा कॅमेरा नेऊन पाहा. जागेवर फोटो हातात, ६२ बाय ४६ मिलिमीटरचा. धोका इतकाच की पाकिटात दहाच फिल्म असतात आणि पहिला फोटो निघाला की चाळीस जण उभे राहतात. मी एकदा शेवटच्या फिल्मवर अकरा जण बसवले. तोंडं मसुरीची डाळसुद्धा नाहीत, मोहरी.

कलमदान

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याचा. कुणी पैसे देऊन काढून घेतला असेल तर, वेगळं काही ठरलेलं नसल्यास, काढून घेणाऱ्याचा. म्हणजे स्टुडिओतला पाटलांचा फोटो पाटलांचा (अर्धे पैसे दिले तरी). पण हक्क माझा म्हणजे चेहराही माझा, असं होत नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आहे. जाहिरातीला, कॅलेंडरला फोटो द्यायचा तर लेखी संमती घ्याच, आणि ती त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत. इंग्रजी कागदावर अंगठा घेऊ नका. अंदमानात जारवा आदिवासींचे फोटो काढणं हा तर सरळ गुन्हा आहे, तुरुंगवास होऊ शकतो.

पायवाट, प्रदर्शनाला कायद्याने फारशी अडचण येईल असं वाटत नाही. पण नातवाचा नंबर आहे तुमच्याकडे. आम्हाला काय विचारताय?

पायवाट

हे खरं. लावतो फोन.

पायवाट

धागा वर काढतोय, दीड महिन्याने.

नातवाला फोन केला. त्याने आजींना विचारलं. उत्तर यायला दोन दिवस लागले, कारण आजींनी आधी उलट प्रश्न पाठवले: ते बघायला कोण कोण येणार? पैसे लागतात का बघायला? आलेल्यांना च्या देतात का? मग निरोप आला, "हिरव्या लुगड्याचा लाव. ह्यो नको."

लावला. गटातली मंडळी नाराज झाली, मांडणी करणाऱ्याने तो जिन्याखालच्या भिंतीवर नेला. 'सह्याद्री' घरीच राहिला. खाली आजींचं नाव आणि वाडीचं नाव लिहिलं. खोटं कशाला बोलू, त्या फोटोसमोर फार कुणी थांबलं नाही. एका ओळखीच्यांनी विचारलं, हा चुकून आलाय का?

शेवटच्या दिवशी नातू आला, पहाटे निघून, एस.टी.ने. आता कॉलेजला आहे. सोबत आजींनी दिलेली नागलीची पिशवी. त्याने जिन्याखाली जाऊन आजींच्या फोटोचा मोबाईलवर फोटो काढला, मग मला म्हणाला, दादा, तुम्ही उभे राहा बाजूला, आजीला दाखवायचाय. मी एक पाय भिंतीला टेकवून, जरा तिरका, आपण उभे राहतो तसा राहिलो. तो दोन पावलं मागे सरकला.

"दादा, सरळ उभे राहा. हात खाली. आन् पाय येऊ द्या."

फिक्स लेन्स

तो फोटो टाका इथे.

पायवाट

आजींना विचारून सांगतो.

तालुक्याचा फोटोवाला

बारा बाय अठराची काचेची फ्रेम एस.टी.ने पाठवायची असेल तर काचेवर चिकटपट्टीची मोठी फुली मारा. फुटली तरी तुकडे फोटोवर सांडत नाहीत.